साखळीवाल्याची पहिली मॅच

ऑर्लिन ब्रँडवोल्ड एका मॅचपुरता खाली गेला होता.

लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तो आणि आर्लिस कॉलेजच्या स्टेडियममध्ये वरच्या फळ्यांवर बसले होते. दोघांत एक घोंगडी आणि कॉफीचा थर्मास. मैदानावर अंतर मोजायची साखळी धरणाऱ्यांपैकी एक जण आदल्या दिवशी घराची पन्हळ साफ करताना शिडीवरून घसरला होता. मुरगळलेल्या पायानं त्यानं अर्धी मॅच रेटली आणि मध्यंतराला हात टेकले. कर्ण्यावरून विचारणा झाली, कुणी धडधाकट माणूस मदतीला येईल का.

"जा की," आर्लिस म्हणाली. "नाहीतरी तुझं निम्मं लक्ष कॉफीत आहे."

तो गेला आणि परत वर आलाच नाही. म्हणजे मॅच संपल्यावर आला, दोघं घरी गेले, जेवले. पण पुढच्या शनिवारी तो पुन्हा खाली होता, आणि त्याच्या पुढच्याही. शिडीवरून पडलेला माणूस नंतर पाय बरा होऊनही फिरकला नाही. तीसहून जास्त वर्षं लिंडेन फॉल्स गावातल्या कुणालाही विचारलं असतं, ऑर्लिन ब्रँडवोल्ड कोण, तर 'दुधाचा टँकर चालवतो तो' असं कुणी म्हटलं नसतं. साखळीवाला ऑर्लिन, असंच म्हटलं असतं.

इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळतात, नाहीतर पुढे फेकतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलं तर आणखी चार प्रयत्न मिळतात. नाही सरकलं तर चेंडू समोरच्यांचा. ते दहा यार्ड मोजायला साखळी. तिच्या दोन टोकांना दोन काठ्या. एक ऑर्लिनच्या हातात, दुसरी गेलेन ट्वेटनच्या. गेलेनचं गावात केस कापायचं दुकान.

साखळीवाले गावातलेच असतात, पण मॅच सुरू झाली की त्यांनी कुणाचंच असायचं नाही. उभं राहायचं समोरच्या कडेला, पाहुण्या टीमच्या पोरांत. टाळी वाजवायची नाही. ओरडायचं नाही. सुस्कारासुद्धा सोडायचा नाही. आणि खेळाडू आपल्या अंगावर धावून आले की काठी टाकून मागे सरायचं, विचार न करता. विचार करणाऱ्याच्या बरगड्या मोडतात.

ऑर्लिनला हे सगळं अंगवळणी पडलं. आठवडाभर तो पहाटे गोठ्यागोठ्यांवरून दूध गोळा करायचा. शनिवारी लोकरीची टोपी घालून काठी धरायचा. आपल्याला एवढी चांगली जागा कुणी आणि का दिली, याचं त्याला दर शनिवारी नव्यानं नवल वाटायचं.

लिंडेन फॉल्समध्ये वर्षांना आकडे नसतात, मॅचेस असतात. मुलगी बर्फाच्या मॅचच्या वर्षी झाली. त्या मॅचला मैदानावरच्या रेघा बर्फाखाली गेल्या आणि कॉलेजच्या बँडमधली पोरं वाद्यं खाली ठेवून फावड्यांनी रेघा उकरत होती. आर्लिसचे वडील, म्हातारे टॉर्गर्सन, गेले ते नाकभर मॅचच्या वर्षी. तेव्हा शेवटच्या प्रयत्नानंतर साखळी मैदानात नेली, ताणली, आणि चेंडूचं नाक काठीच्या अलीकडे राहिलं. बोटभर. कॉलेज हरलं. फळ्यांवरून लोक ओरडत होते, "ओढ अजून, गेलेन, ओढ." गेलेन तिथूनच म्हणाला, "साखळी आहे ही, रबर नाही." पुढचा आठवडाभर त्याच्या दुकानात कुणी पाऊल टाकलं नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात सगळे आले. केस वाढले होते.

आणि धुक्याची मॅच. नदीवरून धुकं आलं आणि फळ्यांवर बसलेल्यांना मैदान दिसेना. अख्खी मॅच लोकांनी आवाजावर बघितली आणि आजवरची सगळ्यात भारी मॅच म्हणून तिचं नाव झालं. त्या मॅचबद्दल ऑर्लिनला कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "मला गेलेन दिसत नव्हता. साखळी हलली की मी हलायचो."

लोक हसायचे. पण तो थट्टा करत नव्हता. त्याला तेवढंच ठाऊक होतं. प्रत्येक मॅचमध्ये त्याला त्याचे दहा यार्ड दिसायचे आणि समोरच्या फळ्यांवर, निळ्या टोपीतली, चिमणीएवढी आर्लिस.

आर्लिस चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. मॅचचं वेड खरं तर तिचं होतं, वडिलांकडून आलेलं. दरवर्षी ती दोन जागा घ्यायची. एकीवर स्वतः बसायची, दुसरीवर तिचा जाड कोट, थर्मास आणि खाण्याचा डबा. मागच्या फळीवर लव्हॉन असायची, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली. "नवऱ्यापेक्षा हा कोट बरा," ती म्हणायची. "मध्येच उठून जात नाही."

मग कॉलेजनं तपासणी केली. फळ्यांखालचं लोखंड गंजून पोकळ झालं होतं. एक शेवटचा हंगाम, आणि मग स्टेडियम पाडायचं ठरलं. तिथे पोरांना राहायला इमारत होणार. नवं मैदान महामार्गापलीकडे, सिमेंटच्या पायऱ्या, पाठ टेकायच्या खुर्च्या.

क्रीडा विभागाची प्रमुख डेना कार्व्हर स्वतः ब्रँडवोल्डांच्या घरी आली. स्वयंपाकघरात बसली. आर्लिसनं तिच्यापुढे सफरचंदाचा केक ठेवला.

"शेवटची मॅच मेरिडेलशी आहे," डेना म्हणाली. "मध्यंतराला तुम्हाला आणि गेलेनना मैदानाच्या मधोमध बोलवायचं ठरवलंय. साखळी तुम्हा दोघांना भेट द्यायची. चालेल ना, मिस्टर ब्रँडवोल्ड?"

ऑर्लिननं खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाला, "चालेल."

एवढंच बोलला. पण डेना गेल्यावर तो गराजमध्ये जाऊन बराच वेळ उगाचच हातोड्या जागेवर लावत बसला.

परत आला तेव्हा आर्लिस कपात कॉफी ओतत होती. तिचं एक बोट कपाच्या आत होतं. कॉफी बोटाला लागली तशी ती थांबली.

तिचे डोळे अधू झालेत हे त्याला ठाऊक होतं. डॉक्टर म्हणाले होते, मधलं आधी जाईल, कडा राहतील. पण हे बोट त्यानं पहिल्यांदा बघितलं. मग त्याच्या लक्षात आलं की ईस्टरपासून चर्चमध्ये ऑर्गनवर स्वरांचं पुस्तक उघडंच नसतं.

"मैदान किती दिसतं तुला?" त्यानं विचारलं.

"हिरवं दिसतं. हिरव्यात काहीतरी सळसळतं."

"मग मॅच?"

"मॅच छान दिसते," ती म्हणाली.

बाई धीराची आहे म्हणून असं बोलतेय, असं त्याला वाटलं. त्या आठवड्यात टँकर चालवताना त्याच्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. पुढच्या हिवाळ्यापर्यंत हिरवंही जाणार. एवढी वर्षं ती त्या फळीवर कोटाशेजारी बसली. आणि आपण समोर, हाकेच्या पलीकडे.

पण काठीही सोडवत नव्हती. मधोमध उभं राहायची त्याला फारशी हौस नव्हती. त्याला हवा होता तो शेवटचा ताण. साखळी ताठ होते तेव्हा काठीतून हातात येतो तो. नव्या मैदानावर साखळी नवी माणसं धरणार होती; तो पुन्हा कुठे मिळणार होता?

गुरुवारी जेवताना तो म्हणाला, "शेवटच्या मॅचला मी तुझ्याशेजारी बसतो."

"का?"

"गुडघा दुखतोय."

"कुठला?"

तो जरा जास्तच वेळ थांबला. "डावा."

"डोळे गेलेत माझे, ऑर्लिन. अक्कल जागेवर आहे." तिनं काटा खाली ठेवला. "दया म्हणून येणार असशील तर कोटच बरा."

"दया कसली. माझी अर्धी मॅच राहिलीय बघायची. त्या पहिल्या वर्षी मध्यंतरापर्यंतच बघितली होती मी."

आर्लिसनं काटा पुन्हा उचलला. मग म्हणाली, "लव्हॉन मागे असते. तिच्यापुढे सारखं हलायचं नाही."

गेलेनला सांगणं जास्त कठीण होतं. ऑर्लिन त्याच्या दुकानात गेला आणि खुर्चीत बसला. समोर आरसा, मागे गेलेन, हातात कात्री.

"मी शेवटच्या मॅचला साखळीवर नाही," ऑर्लिन म्हणाला.

कात्री थांबली. "मेलायस की काय?"

"आर्लिसजवळ बसणार आहे. तिला दिसत नाही फारसं. मी सांगेन तिला मॅच."

"तू सांगणार?" गेलेन आरशातून त्याच्याकडे बघत राहिला. "तुला धुक्यात मी दिसलो नव्हतो."

"तुझा जावई धरेल काठी. कर्ट. शाळेच्या मॅचला धरतोच की."

"कर्टला काठी द्यायची," गेलेन म्हणाला. "शेवटच्या मॅचला. कर्टला." आणि तो पुन्हा कापायला लागला. त्यानंतर दुकानात फक्त कात्रीचा आवाज होता. त्या महिन्यात ऑर्लिनचे डाव्या कानावरचे केस उजव्यापेक्षा बरेच आखूड होते. त्यानं तक्रार केली नाही. पैसे घ्यायला मात्र गेलेननं नकार दिला, आणि त्यावरून ऑर्लिनला कळलं की प्रकरण फार बिघडलेलं नाही.

डेनाला त्यानं फोन केला. तुमचं नाव निदान कर्ण्यावरून पुकारू, ती म्हणाली. नको, तो म्हणाला. साखळी गेलेनला द्या.

नोव्हेंबरचा शनिवार. थंडी कडक, आभाळ स्वच्छ. अर्ध्या लोकांच्या डोक्यावर हरणांच्या शिकारीच्या नारिंगी टोप्या, कारण शिकारीचे दिवस आठवड्यावर आले होते. आर्लिसनं कोट अंगात घातला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर थोपटलं. ऑर्लिन बसला. फळी त्याला अरुंद वाटली. मैदान मात्र केवढं मोठं होतं. खाली उभं राहून ते कधी असं दिसलं नव्हतं.

मॅच सुरू झाली. ऑर्लिननं घसा साफ केला.

"आता चेंडू आपल्या पोरांकडे आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"कसं?"

"सगळे गप्प आहेत. आपल्या पोरांना एकमेकांचं ऐकू यावं म्हणून आपण गप्प बसतो. मेरिडेलकडे चेंडू गेला की बघ, कान फुटतील."

तो जरा खजील झाला. मग म्हणाला, "पळाला. डावीकडून पळाला एक जण. बरंच—"

"दक्षिणेकडे. पडला. चार-पाच यार्ड."

त्यानं तिच्याकडे वळून बघितलं. ती मैदानाकडे बघतही नव्हती. मान थोडी खाली, हात फळीवर सपाट ठेवलेला.

"दक्षिणेला जुन्या व्यायामशाळेची विटांची भिंत आहे," ती म्हणाली. "पोरं तिकडे आपटली की आवाज जाऊन परत येतो. उत्तरेला आपटली की येत नाही. मधला खेळ फळ्यांतून कळतो. आणि समोरचे मेरिडेलवाले हळहळले की ते इकडे पोचायला पापणी लवण्याएवढा वेळ लागतो. मला मॅच छान दिसते, म्हटलं होतं ना तुला?"

तो धीर नव्हताच. ती खरंच बघत होती, आणि त्याच्यापेक्षा आधी बघत होती.

तेवढ्यात मेरिडेलचा एक दांडगा पोरगा चेंडू घेऊन थेट त्यांच्या बाजूच्या कडेकडे धावत सुटला. मागे चार-पाच जण. ते सगळं लोंढ्यासारखं फळ्यांच्या पायथ्याकडे आलं, आणि ऑर्लिन ताडकन उठला, हातातली नसलेली काठी टाकली आणि मागे सरला. मागे लव्हॉन होती. तिच्या मांडीवर बटरपेपरात मोहरीची चटणी लावलेलं सॉसेज होतं. तो तिच्या मांडीवर बसला.

"तीस वर्षं समोर उभा होतास," लव्हॉन म्हणाली, "तेच बरं होतं."

"माफ कर. सवय."

"मोहरी लागलीय तुझ्या पँटला. मी पुसणार नाही."

आर्लिस हसत होती. एवढी हसली की तिला रुमाल काढावा लागला.

पुढच्याच खेळीत कॉलेजच्या पोरानं मेरिडेलचा चेंडू मध्येच पकडला आणि शेवटच्या पट्ट्यापर्यंत नेला. सहा गुण. फळ्या थरथरल्या, सगळे उभे राहिले. ऑर्लिन बसून राहिला. चेहऱ्यावर रेषही नाही.

"याला मेरिडेलनं पाठवलंय का?" लव्हॉननं विचारलं.

मेरिडेलनं परतफेड केली, वर तीन गुण जास्तीचे मिळवले. ऑर्लिनला वाटलं, ज्या कामाला आलो ते काम इथे नव्हतंच. अर्ध्या तासात बायकोला आधी माहीत नसलेली एकही गोष्ट त्याला सांगता आली नव्हती. समोर कर्ट त्याची काठी धरून उभा होता, पोक काढून.

"मी खालीच बरा होतो," तो हळूच म्हणाला.

"असं बोलू नकोस." आर्लिसनं कॉफी ओतली. बोट कपात. "ऐक. नवं मैदान आहे ना, तिकडे मी एप्रिलमध्ये गेले होते. चर्चच्या बायकांबरोबर, बघायला. मैदानाच्या कडेला उभी राहिले आणि टाळी वाजवून बघितली."

"मग?"

"गेली. गेली ती परत आली नाही. तिकडे भिंत नाही. फळ्या नाहीत. सिमेंट काही सांगत नाही." ती थांबली. "आज संध्याकाळनंतर मला मॅच दिसणार नाही, ऑर्लिन. ही शेवटची."

इतके दिवस तो समजत होता, जाताहेत ते तिचे डोळे. डोळे तर केव्हाच गेले होते. जात होतं ते हे स्टेडियम.

"रेडिओ?" तो म्हणाला.

"रेडिओवरचा माणूस मागाहून सांगतो. सगळे ओरडून झाल्यावर. शिळं." तिनं कप त्याच्या हातात दिला. "म्हणजे उरलास तू. आणि तुला मॅच बघता येत नाही."

"तीस वर्षं मी—"

"दहा यार्ड बघितलेस. चांगले बघितलेस, मला अभिमान आहे. पण दहाच." ती त्याच्याकडे वळली, म्हणजे जिथून त्याचा आवाज येत होता तिकडे. "मी असताना शीक. मला इथे तपासता येतं. तिकडे तू काय थापा मारशील ते मला कळणारही नाही."

मग तिनं शिकवायला सुरुवात केली. बाबांनी तिला जसं शिकवलं होतं तसं, याच फळ्यांवर.

"चेंडूकडे बघू नकोस. चेंडूकडे सगळं जग बघतं. पुढच्या रांगेतली जाडी पोरं बघ. खेळी सुरू होताच ती पुढे घुसली तर कुणीतरी चेंडू घेऊन पळणार. उठून मागे सरली तर चेंडू फेकणार. मला ते सांग. झालेलं सांगू नकोस, होणारं सांग."

ऑर्लिन जाड्या पोरांकडे बघू लागला. "मागे सरली. फेकणार."

धप्प.

"पळाला," आर्लिस म्हणाली. "उत्तरेकडे."

"सरली होती गं."

"एकच सरला असेल. रांग बघ."

मध्यंतराला गेलेन एकटाच मैदानाच्या मधोमध गेला. डेनानं काहीतरी वाचून दाखवलं. लोक उभे राहिले.

"काय करतोय तो?" आर्लिसनं विचारलं. टाळ्यांत तिला एका माणसाचं काही कळत नव्हतं.

"टोपी काढली. पुन्हा घातली. पुन्हा काढली. साखळी छातीशी धरलीय, तान्ह्या पोरासारखी." ऑर्लिन थांबला. "आता तो इकडे बघतोय. फळ्यांवर शोधतोय कुणालातरी."

"हात कर की त्याला, शहाण्या."

ऑर्लिननं हात केला. गेलेननं टोपी त्याच्या दिशेनं झटकली, माशी हाकलावी तशी.

दुसऱ्या अर्ध्यात ऑर्लिन वाकून, कोपर गुडघ्यांवर टेकून बसला. हळूहळू त्याला रांग दिसायला लागली. पहिल्यांदा बरोबर आलं तेव्हा आर्लिसनं नुसतं "हं" केलं. त्यानंतर दोनदा चुकला. मग लागोपाठ बरोबर. मॅचच्या चारपैकी तिसऱ्या चरणाच्या शेवटी तो बोलायचा, मग आवाज व्हायचा, मग ती मान डोलवायची. त्याला आठवलं, टँकर पहिल्यांदा मागे घ्यायला शिकलो तेव्हा असंच झालं होतं. आधी आरशात काहीच कळत नाही, आणि मग एकदम सगळा लांबलचक टँकर आपल्या हातात येतो.

मग मोजणी आली. कॉलेजचा चेंडू काठीच्या आसपास पडला होता. पंचांनी साखळी बोलावली. गेलेन आणि कर्ट धावत मैदानात गेले. सगळं स्टेडियम चिडीचूप. आर्लिस फळीवर हात ठेवून होती, पण फळी काही सांगत नव्हती. सगळे श्वास धरून बसले होते.

"पुरलं," ऑर्लिन म्हणाला.

"कशावरून?"

"गेलेन वाकला नाही. कमी पडलं की तो वाकून बघतो. पुरलं की खांदे सोडतो."

पंचांचा हात पुढे झाला आणि फळ्यांवर गदारोळ उठला. आर्लिसनं ऑर्लिनच्या दंडाला धरलं. आवाजाआधी तिला काहीतरी कळलं होतं, दुसऱ्या कुणाकडून. तिनं दंड सोडला नाही.

शेवटची काही मिनिटं. कॉलेज चार गुणांनी मागे. शेवटचा प्रयत्न.

"मागे सरली," ऑर्लिन म्हणाला. "सगळी रांग. फेकणार. आपला पोरगा मागे पळतोय, वेळ काढतोय. फेकला. लांब. उत्तरेच्या कोपऱ्यात. सतरा नंबर तिथे एकटाच—"

समोरून मेरिडेलचा जल्लोष आला. मग इकडचा सुस्कारा.

"निसटला," आर्लिस म्हणाली. "हरलो."

"हो. बोटांना लागला आणि निसटला."

"हं."

"तो गुडघ्यांवर बसलाय," ऑर्लिन म्हणाला. "सतरा नंबर. डोकं जमिनीला टेकलंय. सगळे निघून गेले. मेरिडेलचा एक जण थांबलाय त्याच्याजवळ. ज्यानं त्याच्या मागे धाव घेतली होती तोच. त्याला उठवत नाहीये. नुसता शेजारी बसलाय."

हे आर्लिसला कोणत्याही भिंतीनं कधी सांगितलं नव्हतं. एवढ्या वर्षांच्या हरलेल्या मॅचेसमध्ये कुणी असं कुणाशेजारी बसलं होतं का, हे तिला ठाऊक नव्हतं.

"अजून बसलाय?"

"अजून. आता उठले. दोघं."

"बरं झालं तू आलास," ती म्हणाली.

लोक मैदानात उतरू लागले होते. काहींनी घरून खुरपी आणली होती. गवताचे तुकडे कापून पिशव्यांत घालत होते. लव्हॉननं जाताना दोघांच्या खांद्यांवर हात ठेवला आणि ऑर्लिनला म्हणाली, "पुढच्या वर्षी तुझ्या मागे बसायला चिलखत घालून येईन."

फळ्या रिकाम्या होत गेल्या. खालून गेलेन जिना चढत वर येत होता, पिशवीत साखळी, प्रत्येक पायरीला थांबत.

"कुणी बांधला हा जिना," तो वर पोचून म्हणाला. "पाडताहेत ते बरंच आहे." तो त्यांच्या पुढच्या फळीवर उलटा बसला, त्यांच्याकडे तोंड करून. पिशवी पायाशी ठेवली. "तुझ्या कानावरचे केस अजून वाढले नाहीत."

"कर्टनं कशी धरली?"

"पोक काढून. जाऊ दे." त्यानं टोपी काढून डोकं पुसलं. "कशी झाली मॅच? सगळा खेळ दुसऱ्याच टोकाला. शेवटचा चेंडू तर माझ्यासमोर मेरिडेलची अख्खी टीम उभी होती. मला एक अक्षर दिसलं नाही." तो आर्लिसकडे वळला. "सांग ना. तुझ्याइतकं बरोबर कुणी सांगत नाही."

आर्लिस डबा उघडत होती. आत लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या लेफ्स होत्या, बटाट्याच्या पातळ पोळ्या. तिनं एक गेलेनला दिली.

"याला विचार," ती म्हणाली.

गेलेननं ऑर्लिनकडे संशयानं बघितलं.

ऑर्लिननं मैदानाकडे नजर टाकली. तिथे आता माणसंच माणसं होती, रेघा दिसत नव्हत्या.

"पहिला चेंडू मेरिडेलनं लाथाडला," तो म्हणाला. "दक्षिणेकडून."

"उत्तरेकडून," आर्लिस म्हणाली.

"उत्तरेकडून. आपल्या पोरांनी पकडला. तिसऱ्या खेळीत रांग पुढे घुसली—"

"मागे सरली."

"नाही," ऑर्लिन म्हणाला. "घुसली. तू तेव्हा थर्मास उघडत होतीस."

आर्लिसनं मान तिरकी करून आठवून बघितलं. मग ती लेफ्स खायला लागली.

"मग?" गेलेन म्हणाला.

ऑर्लिन सांगत गेला. पहिल्या चरणात तिनं त्याला आणखी दोनदा टोकलं. दुसऱ्यात एकदा, मोहरीबद्दल. तिसऱ्या चरणाला पोचला तेव्हा गेलेनच्या हातातली लेफ्स तशीच राहिली होती आणि तो पुढे झुकला होता. आर्लिसनं डब्यातली दुसरी काढली, तिचा तुकडा तोडला, आणि त्याला एकदाही टोकलं नाही.